शब्दचर्चा : स्वतः बनवलेल्या 'कस्टम पॅकेज'ला काय म्हणावं?

विचारणा
जेन्टू लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची एक मदतपुस्तिका मराठीत करतेय. तिच्या मुख्य भांडारात नसलेलं पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याच्या फाइल, स्वतः बनवून कसं घालायचं, त्यावर एक प्रकरण आहे. त्याला 'सानुकूल संकुल प्रस्थापित करणे' असं शीर्षक दिलं आणि घरी वाचून दाखवलं, तर कुणालाच काही कळलं नाही. 'कंपाइल'ला 'संकलन' चालेल का? आणि पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या 'ईबिल्ड' फाइलला काय म्हणू?

उत्तर
ताई, शीर्षकातले तिन्ही शब्द बदला. संकुल म्हटलं की क्रीडासंकुल डोळ्यापुढे येतं. 'पॅकेज'च राहू द्या. 'सानुकूल' म्हणजे आपल्या बाजूचा. दैव सानुकूल असतं, वारा सानुकूल असतो. हव्या त्या मापाने करून घेतलेलं, हा अर्थ त्यात मुळातच नाही.

त्या अर्थाला आपल्याकडे 'बेतणे' आहे. शिंपी माप घेतो, कापड बेततो, मग शिवतो. जेन्टूवर तेच चालतं. तयार प्रोग्रॅम न घेता सोर्स कोड आणायचा आणि यूज फ्लॅग लावून हवे तेवढेच भाग ठेवायचे. घरात प्रिंटर नसेल तर 'कप्स' हा फ्लॅग वजा करा. ज्या पॅकेजांत तो आहे, ती छपाईच्या सोयीशिवाय तयार होतात. म्हणून 'बेतलेलं पॅकेज'. 'बेताचं' मात्र लिहू नका, त्याचा अर्थ जेमतेम होतो.

'संकलन' हा शब्द चुकीच्या समजुतीतून आलेला नाही. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-झिरो हा कंपायलर तयार केला, तेव्हा तो आधी लिहून ठेवलेले उपप्रोग्रॅम गोळा करून जोडत असे. कंपायलर हे नाव त्यावरूनच पडलं. पण आजचा कंपायलर मुख्यतः सोर्स कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करण्याचं काम करतो, आणि मराठी वाचकाला संकलन म्हणजे चित्रपटाचं किंवा लेखांचं. 'कंपाइल करणे' सगळ्यांना कळतं, तेच लिहा.

ईबिल्डसाठी माझं मत 'कृती'. एखादी ईबिल्ड फाइल उघडून पाहा. वर साहित्य : कोड कुठून आणायचा, परवाना कोणता, आधी कोणती पॅकेजं लागतील. खाली क्रम : कोड उलगडा, पॅच (दुरुस्त्या) लावा, कॉन्फिगर करा, कंपाइल करा, फाइल जागच्या जागी मांडा. पाककृतीच्या पुस्तकाचं पानच.

शंका
'कृती करणे'शी घोटाळा नाही का होणार? आणि इन्स्टॉलला आम्ही सगळे 'टाकणे' म्हणतो. पुस्तिकेत ते चालेल?

उत्तर
पहिल्यांदा 'ईबिल्ड, म्हणजे पॅकेजची कृती' असं लिहायचं, पुढे नुसतं ईबिल्ड. घोटाळा होणार नाही.

'टाकणे' जरूर वापरा, पण इथे पायऱ्या दोन आहेत. पोर्टेज, म्हणजे जेन्टूवर पॅकेजं बनवणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम, आधी सगळ्या फाइल एका तात्पुरत्या फोल्डरात मांडतं. त्या वेळी कुणी बाहेर लिहायला गेलं तर सँडबॉक्स अडवतो. मग त्या फाइल खऱ्या जागी जातात आणि एकेकीची नोंद होते. पहिलीला 'मांडणे', दुसरीला 'टाकणे' म्हणू या. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण मी सुरुवातीला एक छोटा शब्दकोश-प्रोग्रॅम पोर्टेजला वगळून थेट 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेने टाकला होता. नवी आवृत्ती आली तेव्हा जुन्या फाइल कोणत्या, याची नोंद कुठेच नव्हती. हाताने शोधून पुसल्या, त्यात एक लायब्ररी फाइल राहिली, आणि नवा प्रोग्रॅम तीच जुनी उचलत राहिला. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. तोच प्रोग्रॅम नंतर ईबिल्ड लिहून टाकला; काढायला एक आज्ञा पुरली.

स्वतःच्या ईबिल्ड ठेवायच्या जागेला 'घरचं भांडार' म्हणा. आणि 'मॅनिफेस्ट'साठी 'पडताळणी-यादी' कसं वाटतं? आणलेल्या कोडचा आकार आणि त्याचे ब्लेक२बी, एसएचए५१२ हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेले ओळखीचे ठसे, त्यात असतात. कोडची फाइल त्यांच्याशी जुळली नाही तर पोर्टेज पुढे जात नाही.

विचारणाऱ्या ताई
पडताळणी-यादी घेते. शीर्षक आता असं आहे : 'स्वतः बेतलेलं पॅकेज जेन्टूवर टाकताना'. पहिलं वाक्य : 'आधी घरचं भांडार तयार करा, मग त्यात ईबिल्ड, म्हणजे पॅकेजची कृती, लिहा.'