मदत हवी आहे: कॅसेट उतरवायला लिनक्सवर चालणारं साउंडकार्ड

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या भजनी मंडळाच्या चाळीसेक कॅसेट घरात पडून आहेत. पंचवटीतल्या कार्यक्रमांत धरलेल्या, ८०-९०च्या दशकातल्या. त्यातले पखवाजवाले काका आता नाहीत, म्हणून फिती खराब व्हायच्या आत सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय. डेक धडधाकट आहे, मागे लाल-पांढरे आरसीए सॉकेट आहेत.

कॉम्प्युटर जुना, घरीच जोडलेला, त्यावर लिनक्स मिंट २२. विंडोज टाकायचं नाही, हे आधीच सांगतो, कारण पहिला सल्ला तोच येतो. मदरबोर्डच्या निळ्या लाइन-इनला डेक लावला की भजनाखाली सतत गुणगुण येते, आणि माउस हलवला की वर किरकिर. अल्सामिक्सरमध्ये (लिनक्सचा आवाजाची पातळी लावायचा प्रोग्राम) कॅप्चर, म्हणजे आत येणारा आवाज, कमी-जास्त करून पाहिलं, फरक शून्य.

मग एम. जी. रोडवरून एक स्वस्त यूएसबी डोंगल आणलं. लावलं, ड्रायव्हर न टाकता चाललंही. पण डावीकडचे टाळ आणि उजवीकडची पेटी एकाच जागी ऐकू येतात, आणि गजर टिपेला गेला की आवाज फाटतो.

आता काय घेऊ? जुनं साउंड ब्लास्टर ऑडिजी २ मिळतंय, पण ते पीसीआयचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं, आणि माझ्या बोर्डावर तो स्लॉटच नाही. यूएसबीचं घ्यायचं तर खोक्यावर फक्त विंडोज आणि मॅक लिहिलेलं असतं. लिनक्सवर चालेल हे दुकानात उभं राहून ओळखायचं कसं?

गोदाकाठ: डोंगलचं गुलाबी भोक माइकचं. स्वस्त डोंगलमध्ये ते मोनोच असतं, डावं-उजवं वेगळं घेत नाही, आणि माइकच्या बारीक सिग्नलसाठी केलेलं. डेकचा लाइन सिग्नल त्याच्या कितीतरी पट, फाटणारच. बेहरिंगर यूसीए२०२ किंवा २२२ ही यूएसबी साउंडकार्डं बघा. आरसीए थेट लागते, वेगळा ॲडॅप्टर नको. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. कॅसेटला तेवढं पुष्कळ, २४ बिटच्या नादी लागू नका. आणि खोक्यावर 'क्लास कम्प्लायंट' किंवा 'ड्रायव्हरची गरज नाही' असं दिसलं की घ्या. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर असली कार्डं स्वतःच उचलतो. स्वतःचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय न चालणारं कार्ड मात्र फुकट दिलं तरी नको.

सिडकोवाला: पैसे घालण्याआधी डेक आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा. डेक ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर ती वायरही काढा. गुणगुण बऱ्याचदा अर्थिंगच्या लूपची असते. माउसबरोबर वाढणारी किरकिर बोर्डाची, ती बाहेरच्या कार्डानेच जाईल.

धागाकर्ता: सिडकोवाले, कमाल! ॲम्पची वायर काढली आणि गुणगुण गायब. किरकिर आहेच, त्यामुळे यूसीए२०२ मागवतोय. ४४.१ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) ठेवीन. तासाभराची वेव्ह फाइल ६३५ एमबीच्या आसपास जाते, चाळीस कॅसेटना माझी हार्डडिस्क रडेल. आता शेवटचं एक: डेकवर डॉल्बी बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करायचं, बटण आहे. कॅसेटवर अभंगांची नावं सोडून काहीच लिहिलेलं नाही. चालू ठेवू की बंद?