व्यासापेक्षा क्रम बघा
झाडाचं २ मिमीपेक्षा बारीक ते सगळं शोषक मूळ (म्हणजे मातीतून पाणी आणि अन्नद्रव्यं ओढणारं) धरायचं, हे मत पटत नाही. त्या जाडीत नुसती वाहतूक करणारी, लाकूड धरलेली मुळंही सर्रास येतात. त्यापेक्षा टोकाकडून क्रम मोजावा: फाटा न फुटलेलं ते पहिलं, अशी दोन मिळतात तिथून पुढे दुसरं. बहुतेक झाडांत शोषणाचं काम मुख्यतः पहिले दोन-तीन क्रमच करतात.

म्हणूनच नुसत्या कोअरवर (नळी ठोकून काढलेल्या मातीच्या नमुन्यावर) भिस्त नको. वस्तुमान मोजायला तो ठीक, पण त्यात मुळांचं जाळं तुटतं, मग क्रम मोजता येत नाही, आणि मूळ कोणत्या झाडाचं तेही कळत नाही (मिश्र जंगलात तर विचारूच नका). बुंध्यापासून एक जाड मूळ धरून हाताने उकरत टोकापर्यंत जावं, झुबका मातीसकट उचलावा आणि माती पाण्यात भिजवून सोडवावी. झटकली तर नेमका पहिला क्रमच गळतो.