नागरिकत्व मिळाले तरी माणूस ‘आपला’ का होत नाही? जर्मनी आणि कॅनडा

प्रश्न: ऱ्हाईनकाठी

माझ्या एका सहकाऱ्याचे आजोबा तुर्कस्तानातून कामगार म्हणून जर्मनीत आले. त्याचा स्वतःचा जन्म कोलोनचा आहे, बोलण्याची ढबही अस्सल कोलोनची आहे, तरी जेवणाच्या सुट्टीत नवा माणूस भेटला की “पण मूळचे कुठले?” हे विचारले जातेच. उलट टोरांटोतील माझी मामेबहीण नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर सहजपणे “आम्ही कॅनेडियन” म्हणू लागली आणि ते कोणाला खटकले नाही. हा फरक कायद्यामुळे पडतो की समाजामुळे? मी स्वतः जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करण्याच्या विचारात आहे, म्हणून विचारतो.

प्रतिसाद: जुनी दप्तरे

कायद्याने समाजाला तशी सवय लावली, असे माझे मत आहे. जर्मनीच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्व वंशावर बेतले आणि ते तत्त्व जवळजवळ शतकभर टिकले. १९५५ मध्ये इटलीशी व १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले गेले, ते काही वर्षांत परततील या हिशेबाने; १९७३ मध्ये भरती थांबली, तेव्हा पुन्हा येता येणार नाही या धास्तीने अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. परिणामी नव्वदच्या दशकात कझाकस्तानातून आलेला, जर्मन धड न बोलणारा जर्मनवंशीय माणूस नागरिक होत होता आणि बर्लिनमध्ये जन्मलेली तुर्की मुलगी परकी राहत होती. जन्माने नागरिकत्व मिळण्याची वाट २००० मध्ये उघडली, तीही पालकांच्या आठ वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याच्या अटीवर. कॅनडाने मात्र १९६७ मध्ये स्थलांतरितांची निवड करण्यासाठी गुणांकन पद्धत आणली आणि १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून जाहीर केले.

प्रतिसाद: तिरकस

कॅनडाचे एवढे गोडवे गाऊ नयेत. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील बहुसंख्य पंजाबी प्रवाशांना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवणारा देश हाच, आणि १९२३ ते १९४७ चिनी लोकांना जवळपास पूर्ण बंदी करणाराही हाच. शिवाय शिक्षण, वय आणि भाषा पारखून माणसे निवडणाऱ्या, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशाला उदार होणे परवडते. २०१५ मध्ये जर्मनीत सुमारे नऊ लाख आश्रयार्थी आले, ते गुणपत्रिका दाखवून नव्हे. तेवढे लोक कॅनडाच्या दारात उभे राहिले असते तर तिथला सूर असाच राहिला असता का, याची मला शंका आहे. क्वेबेकमध्ये २०१९ पासून सरकारी शाळांतील नव्या शिक्षकांना पगडी किंवा हिजाब घालून शिकवता येत नाही, हेही मामेबहिणीला विचारून पाहावे.

प्रतिसाद: सातबारा

अर्जाबद्दल थोडे. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केले आणि वास्तव्याची अट आठवरून पाच वर्षांवर आणली; पण आपल्याला अडवतो तो आपलाच कायदा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताक्षणी भारतीय नागरिकत्व संपते. जर्मनांच्या वंशवादावर बोलताना हेही ध्यानात असावे की भारतातही केवळ इथे जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळण्याची सोय १ जुलै १९८७ पासून राहिलेली नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते त्या कार्डावर, येणे-जाणे सुखाचे होते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, तरीही गावी वाटण्या व्हायच्या असतील तर अर्जापूर्वी वकिलाशी बोलून घ्यावे.