मदत हवी आहे: टेक्सासच्या तेलविहिरींची रॉयल्टी कंपनीने अडकवून ठेवली आहे

मुक्ता_औंध
नमस्कार, जरा अर्जंट आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. आईच्या नावाने जी रॉयल्टी यायला हवी ती १४ महिने झाले कंपनी देत नाहीये. फोन करायचा तर इथल्या रात्री साडेआठनंतरच, मग चाळीस मिनिटं होल्डवर आणि शेवटी एकच उत्तर, अकाउंट सस्पेन्समध्ये आहे, म्हणजे पैसे रोखून ठेवलेत. तीनदा कागद पाठवले, दोनदा कुरियरने आणि एकदा ईमेलने. विहिरी चालू आहेत, तेल विकलं जातंय, मग आमचे पैसे जातात कुठे? तक्रार कुठे करायची असते? कोणी अशी केस केली आहे का, वकील किती घेतात? आई ७४ वर्षांची आहे, रोज विचारते काय झालं म्हणून. प्लीज लवकर सांगा.

सह्याद्री७७
मुरूम-वाळूची रॉयल्टी असेल तर आधी तहसील कार्यालयात अर्ज द्या, गौण खनिजाचं सगळं आता महाखनिजवर ऑनलाइन दिसतं. माझ्या मेव्हण्याचं असंच अडकलं होतं, चलनाचा नंबर चुकला होता.

मुक्ता_औंध
अहो दादा, मुरूम नाही. अमेरिकेतलं तेल आहे, शीर्षकात लिहिलंय.

ह्यूस्टनकर
ताई, एवढ्यावरून कोणीच काही सांगू शकणार नाही. हे आईकडे आलं कसं, वारसा की खरेदी? विहिरी कुठल्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात? रॉयल्टी इंटरेस्ट आहे (फक्त विक्रीतला वाटा) की वर्किंग इंटरेस्ट (विहिरीचा खर्चही सोसायचा)? डिव्हिजन ऑर्डर सही करून दिली का? आणि सस्पेन्सचं कारण लेखी मागितलंत का?

मुक्ता_औंध
माझा मामा ह्यूस्टनला होता, लग्न केलं नव्हतं, तो गेला आणि मृत्युपत्राने सगळं आईला. कार्न्स काउंटी. तो होता तोपर्यंत दर महिन्याला चेक यायचा, कधी तीनशे तर कधी आठशे डॉलर. त्याच्या चेकच्या जुन्या स्टबवर (सोबतच्या हिशोबाच्या चिठ्ठीवर) ०.००३७५ असा आकडा आहे, तो काय प्रकार आहे? डिव्हिजन ऑर्डर म्हणजे काय तेही माहीत नाही. पण प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) रीतसर झालंय, कोर्टाची ऑर्डर आहे, मग प्रश्न कुठे येतो?

चिंतामणी_नाशिक
मला हेच कळत नाही की जमिनीखालचं तेल मामाचं कसं? आपल्याकडे तर ते सरकारचं. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, १९७६ पासून तेल निघतंय, समुद्रातलं म्हणून रॉयल्टी केंद्राला जाते. माझे वडील उरणला होते, तिथे पाइपलाइन येते, त्या काळात घरात हाच विषय असायचा.

ह्यूस्टनकर
काका, तिकडे जमीन आणि जमिनीखालचं खनिज हे दोन वेगळे हक्क असतात आणि दोन्ही खासगी मालकीचे असू शकतात, वर एकाचं शेत आणि खाली दुसऱ्याचं तेल. मुक्ताताई, ते ०.००३७५ म्हणजे मामांचा हिस्सा. उदाहरण देतो, १२ एकर खनिज हक्क ६४० एकरच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनीत) असले आणि लीज, म्हणजे कंपनीशी केलेला करार, २०% रॉयल्टीचं असलं तर १२ भागिले ६४० गुणिले ०.२०, बरोब्बर ०.००३७५ येतं. तुमचे एकर वेगळे असतील, लीज काढून ताळा करा. डिव्हिजन ऑर्डर म्हणजे कुणाला किती दशांश द्यायचे याचा कागद, टेक्सासमध्ये त्यावर सही होईपर्यंत कंपनी पैसे थांबवू शकते.

परखड_पाटील
वकील करा आणि नोटीस ठोका. या कंपन्या गोड बोलून हलत नाहीत. टेक्सासचा कायदा आहे, नॅचरल रिसोर्सेस कोड चॅप्टर ९१, पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिला चेक, पुढे तेलाचे ६० आणि गॅसचे ९० दिवसांत. उशीर झाला की व्याज. १४ महिन्यांचं व्याज सोडू नका. आणि रेलरोड कमिशनकडे तक्रार टाका.

ह्यूस्टनकर
पाटील, अर्धंच सांगताय. त्याच कलमात आहे की टायटलचा (मालकी हक्काचा) वाद किंवा रास्त शंका असेल तर पैसे धरून ठेवता येतात, आणि तेव्हा व्याजही लागत नाही. मालक वारलाय आणि नवीन नाव रेकॉर्डला नाही, म्हणजे शंका घ्यायला कंपनीला जागा आहे. आणि रेलरोड कमिशन नावात रेल्वे असली तरी तेल-गॅसचं खातं बघतं हे खरं, पण रॉयल्टी कुणाला मिळाली नाही यात ते पडत नाही. ते दिवाणी कोर्टाचं काम. कमिशनच्या साइटवर लीजप्रमाणे दर महिन्याचं उत्पादन मात्र फुकट बघता येतं, ते उतरवून ठेवा, हिशोब लावायला लागेल.

परखड_पाटील
मग काय कंपनीची वकिली करायची का? हेच कारण सांगून वर्षानुवर्षं बसतात ना.

पिट्सबर्गची_रेवती
आमच्याकडे पेन्सिल्वेनियात वेगळाच त्रास, चेक येतो पण गॅदरिंग, कॉम्प्रेशन (गॅस गोळा करणं, दाबणं) असलं काय काय कापून. १९७९ चा कायदा म्हणतो रॉयल्टी किमान साडेबारा टक्के, आणि २०१० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते टक्के विहिरीनंतरचे खर्च वजा करून धरले तरी चालतं. आमचा एका महिन्याचा स्टब वजावटींनीच भरलेला होता, हातात आले १९ डॉलर. मुक्ता, पैसे सुरू झाले की आधी वजावटीचा कॉलम बघ.

मुक्ता_औंध
थँक्यू रेवती, पण आधी सुरू तरी होऊ देत गं. बाकी एक, मध्ये एक पत्र आलंय, दुसरीच कोणीतरी कंपनी आईचा हक्क एकरकमी विकत घेते म्हणतेय. सोबत भरायला तयार फॉर्म आणि परतीचं पाकीट. आई म्हणते देऊन टाकू आणि मोकळं होऊ.

मोकळा_श्वास
द्या की. ७४ व्या वर्षी कशाला कटकट. मी माझा हिस्सा विकला, एका झटक्यात सुटलो.

ह्यूस्टनकर
अजिबात सही करू नका!! प्रोबेट कोर्टात दाखल झालं की ही पत्रं येतातच. चौदा महिने साठलेले पैसेसुद्धा त्या डीडमध्ये (हस्तांतराच्या कागदात) जाऊ शकतात, बारीक अक्षर वाचा. आता मला फक्त एक सांगा, प्रोबेट कुठल्या काउंटीत झालं?

मुक्ता_औंध
ह्यूस्टनलाच, हॅरिस काउंटी. मामाचे मित्र एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे) होते.

ह्यूस्टनकर
आणि त्याची सर्टिफाइड कॉपी कार्न्स काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवली?

मुक्ता_औंध
नाही… कोर्टाची ऑर्डर आहे ना, मग परत नोंदवायचं कशाला? कंपनीला तीच पाठवली, तिन्ही वेळा.

ह्यूस्टनकर
झेरॉक्स?

मुक्ता_औंध
हो, एकदा स्कॅन आणि दोनदा झेरॉक्स.

ह्यूस्टनकर
मग माझ्या मते घोडं तिथेच अडलंय. आपल्याकडे मृत्युपत्र हातात असलं तरी तलाठ्याकडे फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्याला नाव लागत नाही, तसंच समजा. कंपनीचे लोक कार्न्स काउंटीचं रेकॉर्ड बघतात आणि तिथे अजून मामाच मालक आहेत. हॅरिसच्या क्लार्ककडून मृत्युपत्र आणि ते मान्य केल्याच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढायची आणि कार्न्स सिटीला काउंटी क्लार्ककडे नोंदवायची. मामांच्या मित्रांकडून आईच्या नावाने डिस्ट्रिब्यूशन डीडही (हक्क वारसाच्या नावे केल्याचा कागद) करून घ्या, तीही तिथेच नोंदवा, कंपन्यांना ती हवीच असते. मग नोंदणीच्या शिक्क्याचे नंबर घालून कंपनीच्या डिव्हिजन ऑर्डर खात्याला पाठवा. एवढं करूनही पैसे आले नाहीत तर पाटलांची नोटीस. चॅप्टर ९१ प्रमाणे केस करायच्या आधी लेखी कळवावं लागतं आणि कंपनीला ३० दिवस मिळतात. ते पत्र सर्टिफाइड मेलने टाका, पोचपावती जपा.

परखड_पाटील
शेवटी नोटीस आलीच ना. पण हे पटलं, आधी रेकॉर्ड. वकिलाला पैसे द्यायचेच असतील तर या कामाला द्या. आणि रेंगाळत बसू नका, करारभंगाचा दावा टेक्सासमध्ये चार वर्षांत करावा लागतो.

सीए_माधवी
टॅक्सचं कोणीच बोललं नाही. आई भारतात राहते, म्हणजे कंपनीला द्यायचा टॅक्स फॉर्म डब्ल्यू-९ नाही, परदेशी लोकांचा डब्ल्यू-८ बेन. तो दिला तरी ३०% कापून येईल. कोणी सांगेल भारत-अमेरिका करारात रॉयल्टीला १५% आहे, पण ते पेटंट, कॉपीराइट वगैरेचं, कलम १२. खनिजाची रॉयल्टी स्थावर मालमत्तेचं उत्पन्न धरतात, कलम ६. आयटिन (अमेरिकेचा टॅक्स नंबर) काढून १०४०-एनआर (तिकडचा रिटर्न) भरला आणि निव्वळ उत्पन्नावर कर लावायचा पर्याय घेतला की १५% डिप्लीशनची (साठा संपत जातो त्याची) वजावट मिळते, बराच कर परत येतो. आणि इथल्या रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नका.

मुक्ता_औंध
माधवीताई, ३०% हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! ह्यूस्टनकर दादा, आईची सही लागली तर तिला ह्यूस्टनला न्यावं लागेल का? तिचे गुडघे…

ह्यूस्टनकर
नाही हो. आईला नोटरी करायची वेळ आली तर बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होते, एका शिक्क्याला ५० डॉलर, अपॉइंटमेंट घेऊन जायचं. डीडवर सही मात्र एक्झिक्युटरची, ती तिकडेच होईल.

चिंतामणी_नाशिक
हे वाचून मी आज वडिलांच्या जमिनीचे फेरफार काढायला बसलो. आमचेही दोन अजून आजोबांच्या नावावर आहेत.

मुक्ता_औंध (पाच आठवड्यांनी)
अपडेट. मामाच्या मित्रांनी सर्टिफाइड कॉपी काढून स्वतः गाडी चालवत कार्न्स सिटीला जाऊन नोंदवली, डीडसुद्धा. नोंदणीचे नंबर कळवल्यावर कंपनीने पहिल्यांदाच लेखी कारण पाठवलं, त्यात हेच होतं, 'मालक मयत, काउंटीत हस्तांतर नोंद नाही'. काल डिव्हिजन ऑर्डर आली. आईने आधी तुमच्या पद्धतीने आकडा ताळून पाहिला, मामाच्या लीजमध्ये ९ एकर आणि ४८० चं युनिट आहे, उत्तर ०.००३७५ च. मग सही केली. पैसे अजून आलेले नाहीत. एकरकमीवालं पत्र आईने फाडून टाकलं.