बेंडर कोडगा की इरसाल?

रविवारी आम्ही चौघं मावसभावंडं गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. रश्श्याची दुसरी वाटी येईपर्यंत वाद पेटला आणि घरी पोचेपर्यंत मिटला नाही, म्हणून इथे मांडते आहे.

विषय 'फ्युचरामा'मधल्या बेंडरचा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मॅट ग्रेनिंगची ही कार्टून मालिका २८ मार्च १९९९ ला अमेरिकेत सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा पोचवणारा फ्राय ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री गोठवण्याच्या पेटीत पडतो आणि हजार वर्षांनी, २९९९ च्या शेवटच्या दिवशी जागा होतो. तिथे त्याला भेटतो बेंडर. तुळया वाकवण्यासाठी बनवलेला यंत्रमानव. पुढे दोघंही 'प्लॅनेट एक्स्प्रेस' या सामान पोचवणाऱ्या कंपनीत लागतात. बेंडर चोऱ्या करतो, थापा मारतो, मित्रांच्याही वस्तू लांबवतो. दारूवर चालतो; दारू सुटली तर उलट झिंगल्यासारखा वागतो आणि तोंडावर गंज चढतो.

माझा मावसभाऊ म्हणाला, "कोडगा आहे तो, एक नंबरचा." मी म्हटलं, "दादा, काहीही म्हण, कोडगा म्हणू नकोस."

माझं म्हणणं असं. कोडगा माणूस जन्मतः कोडगा नसतो, तो होतो. आणि होतो तो बोलणी खाऊन, मार खाऊन. "रोज ओरडून ओरडून पोरगं कोडगं झालंय" असं आपण म्हणतो, त्यात दोष अर्धा ओरडणाऱ्याचाही असतो. याच्या शेजारचा शब्द 'निर्ढावलेला'. तो करून करून होतो. पहिल्या चोरीला हात कापतो, दहाव्या चोरीला कापत नाही. म्हणजे कोडगेपणा सोसण्यातून येतो, निर्ढावणं करण्यातून. 'निगरगट्ट' या दोहोंहून वेगळा. त्याला काही भूतकाळच नाही, तो मुळातच तसा. बेंडरला कोण रागावतं? कोणीच नाही. मग तो कोडगा कसा होईल? तुमच्याकडे हे तीन शब्द असेच वापरतात का?

निफाडहून

आमच्याकडे चौथा शब्द आहे, निबर. वेळेवर तोडली नाही तर गवार निबर होते, भेंडी निबर होते. मग शिजवा कितीही, शिजत नाही. आजी हा शब्द माणसांनाही लावायची. "आता तो निबर झाला, त्याला सांगून उपयोग नाही." यात मारही नाही आणि गुन्हाही नाही, नुसती वेळ निघून गेलेली असते. म्हणून मला हा शब्द कोडग्यापेक्षा जास्त करुण वाटतो. बेंडरला मात्र बसणार नाही. यंत्राला कोवळेपण कुठलं?

सिडकोतून

ताई, फरक छान मांडलात, पण बोलताना कोणी तो पाळत नाही. आमच्या वर्गात कोडगा म्हणजे सरळ निर्लज्ज. आणि बेंडरबद्दल तुम्ही फार मऊ बोलताय. फ्रायच्या कुत्र्याचा जीवाश्म त्याने धगधगत्या लाव्ह्यात फेकला. जिवलग मित्राची एवढी एकच आठवण, तीही त्याने सोडली नाही. हा कोडगेपणा नाही तर काय?

मूळ प्रश्नकर्ती

बरं झालं तुम्ही तोच भाग काढलात. २००२ सालचा. माझा सगळा युक्तिवाद त्याच भागावर उभा आहे.

बेंडर तो जीवाश्म का फेकतो? फ्राय दिवसरात्र त्या कुत्र्यात रमलेला असतो आणि बेंडरला ते बघवत नाही. हा मत्सर आहे. कोडग्याला मत्सर होत नाही, कारण मत्सराला आत काहीतरी दुखावं लागतं. फ्राय कोसळलेला दिसल्यावर त्याच लाव्ह्यात उडी कोण मारतं? बेंडरच. कोडगा माणूस उडी मारत नाही, खांदे उडवतो.

आणखी मागे जाऊया. पहिल्याच भागात कळतं की आपण वाकवत असलेल्या तुळया लोकांनी जीव देण्यासाठी उभारलेल्या पेट्यांना लागतात, हे समजल्यावर बेंडर हादरलेला आहे. ज्याची ओळखच सद्सद्विवेकाच्या झटक्याने होते त्याला कोडगा म्हणणं मला पटत नाही.

मग तो कोण? मी म्हणते, इरसाल. हा शब्द मला फार जवळचा आहे. इरसाल मूळ अरबी, अर्थ पाठवणे. रसूल म्हणजे पाठवलेला, प्रेषित. रिसाला हाही त्याच धातूचा. जुन्या महसुली व्यवहारात सरकारी खजिन्याकडे रवाना होणाऱ्या भरण्याला इरसाल म्हणत. खजिन्यात जाणारं नाणं खणखणीतच असायला हवं, त्यावरून मराठीत 'निवडक, अस्सल' हा अर्थ आला असावा असं मी समजते. मग कुणीतरी तो अर्थ पाजीपणाला जोडला आणि 'इरसाल कार्टं' जन्मलं. म्हणूनच इरसाल म्हणताना आपल्या आवाजात राग आणि कौतुक एकत्र येतं. "हलकट आहे" म्हणताना ओठ आवळतात, "इरसाल आहे" म्हणताना सुटतात. एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आणि हा इरसाल नेमका सामान पाठवण्याच्या कंपनीत कामाला आहे, हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री अकराला दादाला फोन केला.

सातपूरहून

मी एमआयडीसीत पत्रा वाकवण्याच्या मशिनवर आहे. कोडगा या शब्दावर आमच्या कामातलं सांगतो. तार घ्या, एकाच जागी वाकवा, सरळ करा, परत वाकवा. ती जागा आधी कडक होते. हाताला कळतं की आता जोर जास्त लागतोय. आणि मग अचानक तुटते. आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, "पोराला सारखं वाकवू नको, तारेसारखं होईल." ताईंनी जे कोडग्याबद्दल लिहिलं ते तंतोतंत हेच आहे. मार खाऊन आलेला कडकपणा ही ताकद नसते, तुटण्याच्या आधीची पायरी असते.

दुसरं, "मोडेन पण वाकणार नाही" ही म्हण आपण अभिमानाने वापरतो. शॉपमध्ये ती बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, लागू पडते. बीड वाकत नाही, घाव बसला की तडकतं. साधं लोखंड वाकतं म्हणून त्याचं काहीही बनवता येतं. बेंडर सगळ्यांना वाकवतो. स्वतः वाकतो का, ते तुम्ही सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

भाऊ, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वाकतो, आणि तेही पहिल्याच भागात. नेमून दिलंय तेवढंच वाकवणार असं म्हणणारा बेंडर विजेचा धक्का बसल्यावर संग्रहालयातले गज वाकवून फ्रायची सुटका करतो. त्या क्षणी गजांबरोबर त्याचा हट्टही वाकला. तो बीडाचा नाही.

नाशिकरोडहून

झॉइडबर्गबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून दोन ओळी. कंपनीचा हा खेकड्यासारखा डॉक्टर कायम भुकेला, कचरा खाणारा, सगळे त्याला झिडकारतात. आमच्याकडे त्याला 'लोचट' म्हणतात, मी 'लाचार' म्हणते. ला म्हणजे नाही, चार म्हणजे उपाय. आपण अजूनही "दुसरा चारा नाही" म्हणतो ना, तोच चारा. लोचट माणसाला जाता येत असतं आणि तो जात नाही. झॉइडबर्गला जायला जागाच नाही. लाचार हा शब्द आज आपण शिवीसारखा फेकतो, तेव्हा त्यातला निरुपाय विसरतो.

सिडकोतून

इरसाल मान्य. कोडगा मागे घेतो. पण मग फ्रायचं काय? सगळे त्याला बावळट म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ती

बावळट नाही, भाबडा. बावळटाला कळत नाही; भाबडा विश्वास ठेवतो. फ्राय सगळ्यांवर विश्वास ठेवतो, बेंडरवरसुद्धा. आणि त्याच कुत्र्याच्या भागात, एकदाच, तो ठेवत नाही. कंपनीचे मालक प्रोफेसर कुत्र्याला आठवणींसकट जिवंत करायला निघालेले असतात. यंत्र सांगतं की कुत्रं पंधरा वर्षांचं होऊन गेलं. म्हणजे फ्रायनंतर बारा वर्षं. फ्राय विचार करतो, एवढ्या वर्षांत त्याला दुसरं कोणी भेटलं असेल, तो मला विसरला असेल. आणि यंत्र थांबवतो. लोक हा निर्णय शहाणपणाचा म्हणतात. मला वाटतं, जन्मभर भाबडा राहिलेला माणूस नेमका त्याच वेळी भाबडा राहिला नाही. कुत्रं विसरलेलं नव्हतं.

त्या शेवटच्या दृश्याला कोणतं क्रियापद लावायचं यावर घरी पुन्हा चर्चा झाली. दादा म्हणाला, "ताटकळलं." पण ताटकळण्यात पाय दुखतात, चिडचिड असते, त्या कुत्र्यात ती कुठेच नाही. मी 'तिष्ठलं' म्हटलं, तर त्यात मूळ उभं राहणं आहे, आणि ते शेवटी आडवं झालेलं असतं. मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने ती मालिका पाहिलेली नाही. ती म्हणाली, "अगं, वाट बघत होतं, असं म्हण ना."

ऋतू बदलतात, माणसं येतात-जातात आणि ते पिझ्झाच्या दुकानासमोर बसून खरोखरच रस्त्याकडे बघत असतं.