नऊ वर्षे उभी असलेली पद्मिनी : इंजिनाचे नेमके काय बदलावे?

प्रश्न (सांगलीकर):
वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे थोडे ऑइल सोडले आणि चार दिवसांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलली, तेव्हा इंजिन फिरले. गॅरेजमध्ये मात्र पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन अशी सरसकट यादी हातात पडली आहे. हे सगळे खरोखरच बदलावे लागेल काय?

प्रतिसाद (जुना फिटर):
यादी तूर्त बाजूला ठेवावी. या १०८९ सीसी इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटरचा असतो; तो झिजून किती झाला हे मोजल्याशिवाय कोणत्या मापाचे पिस्टन लागतील, किंबहुना ते लागतील की नाही, हेच ठरत नाही. आधी सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्या आणि मग त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा; चढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (हेड आणि सिलिंडर ब्लॉकमधल्या पातळ सीलचा). शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर मी प्रथम गॅस्केटवरच संशय घेईन.

प्रतिसाद (कोल्हापूरकर):
वरील मताशी सहमत आहे, परंतु रबराच्या बाबतीत मोजमापाची वाट पाहू नये. पेट्रोल पंपाचा डायफ्राम, पेट्रोलचे पाइप, पाण्याचे होज आणि ऑइल सील बदलाच, कारण इतकी वर्षे उभ्या गाडीत रबर कडक होते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, म्हणून इथेनॉल सोसणारेच पाइप मागून घ्यावेत. वॉटर पंपाच्या स्पिंडलला हाताने हलवून पाहा. खेळ (ढिलेपणा) असेल तर पंपही बदला.

सांगलीकर:
दुसरा आणि तिसरा सिलिंडर कमी निघाले आणि ऑइल टाकूनही आकडा चढला नाही. हेड उतरवले, तर त्या दोहोंमधली गॅस्केटची पट्टी जळून काळी पडली होती. बोअरच्या वरच्या कडेशी नख फिरवले, ते कुठेही अडकले नाही. मात्र खालचे ऑइलचे चेंबर उतरवून बिगएंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाची) एक कॅप खोलली, तेव्हा बेअरिंगच्या राखाडी थराखालून तांबूस पट्टा दिसला.

जुना फिटर:
ऑइलने आकडा चढला नाही आणि नख अडकले नाही, म्हणजे बोअर झिजलेला नाही; पिस्टन आणि रिंगा वाचल्या. हेडची सपाटी लेथवाल्याकडून तपासून घ्या. ते ॲल्युमिनियमचे असल्याने वाकलेले असू शकते, आणि तसेच बसवले तर नवे गॅस्केटही जळेल. तांबूस पट्टा म्हणजे वरचा थर झिजला, तेव्हा बेअरिंगे मात्र सगळी बदला. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा; ओरखडे नसतील आणि माप गोल भरत असेल, तर क्रँक ग्राइंडिंगला देऊ नका.