डीटीएफ करताना टी-शर्टवर चौकोन उठतोय, काय चुकतंय?

माळ्यावरचा_प्रिंटर
नमस्कार मंडळी. इस्लामपूरला घराच्या माळ्यावर १५ बाय १५ इंची हीट प्रेस टाकून तीन महिने झाले. दहीहंडीची ६० टी-शर्टांची ऑर्डर आहे: २० पांढरे कॉटन, ४० भगवे डॉट निट. डीटीएफ (फिल्मवर छापलेलं डिझाईन, ते प्रेसने तापवून कापडावर चिकटवायचं) बाहेरून छापून आणतो. मशीन १८० अंशांवर, २० सेकंद. पांढऱ्यावर प्रिंटभोवती बिस्किटी रंगाची चौकट येते. भगवा जळत नाही, पण प्लेट टेकली तेवढा भाग चकचकतो. ७ वाया गेले, त्यातला सातवा खुद्द अध्यक्षांचा, मागे नाव छापलेला. आधी १५० वरच करत होतो, पण फिल्म ओढली की डिझाईनचा कोपरा सोबत यायचा, म्हणून वाढवत गेलो.

शाईवाली
इथंच घोळ आहे दादा. कोपरा येत होता तो उष्णता कमी पडून नव्हे. फिल्म कोल्ड पील, म्हणजे गार झाल्यावरच ओढायची, आहे का विचारा छापणाऱ्याला. तशी असेल आणि तुम्ही गरम असतानाच ओढत असाल, तर १८० काय, २०० वरही कोपरा येणारच. हात लावून गार लागेपर्यंत थांबा, मग एका कोपऱ्यातून सावकाश, कपड्याला लगटून ओढा.

कॉटनला १५०–१६०, १० ते १५ सेकंद पुरे. डॉट निट म्हणजे पॉलिएस्टर, त्याला १३०–१४० आणि दाबही हलका. तिथं लो टेंपरेचर पावडरची (कमी उष्णतेत चिकटणारी) फिल्मच मागून घ्या. भगव्यावर जास्त तापवलंत तर आणखी एक दुखणं: कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरी अक्षरं दुसऱ्या दिवशी नारिंगी दिसतात.

चौकोनासाठी माझा जुगाड: डिझाईनपेक्षा बोटभर मोठा सिलिकॉन पॅड कापून टी-शर्टच्या आत सरकवते. दाब तेवढ्यावरच पडतो, प्लेटची कड कापडाला टेकत नाही. शिवण, कॉलरही पॅडच्या बाहेर ठेवते.

उन्हाळी_वाळवण
ताईंशी सहमत. फक्त स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या मशीनवर १६० दिसायचं, टेंपरेचर गनने मधोमध १७४ निघालं. शिवाय पावसाळ्यात कॉटन दमट असतं, आधी ४–५ सेकंद नुसतं दाबून वाफ काढून टाका. मरून, खाकी रंग प्रेसखालून काळपट निघाले तर घाबरू नका, गार झाल्यावर बहुधा परत येतात. मी एकदा त्या भीतीने चांगला टी-शर्ट पुसायला घेतला होता.

पांढऱ्यावरचा फिकट पिवळा डाग मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साईडने जातो. प्रिंट सोडून फडक्याने टिपा, उन्हात ठेवा, मग धुवा. तपकिरी झाला असेल तर सोडून द्या.

माळ्यावरचा_प्रिंटर
फिल्म कोल्ड पीलच निघाली! छापणारा म्हणतो, "सांगितलं होतं की." काय सांगितलं होतं देव जाणे. काल कॉटन १५५ वर घेतले, कोपरा जागेवर. पांढऱ्यातले दोन वाचले. अध्यक्षांच्या टी-शर्टचं काय करू?

शाईवाली
इस्त्री न टेकवता वरून वाफ मारा, मऊ ब्रशने फिरवा. चमक थोडी उतरते. कापड वितळलं असेल तर नाही.

माळ्यावरचा_प्रिंटर
निम्मी उतरली. उरलेली दिसू नये म्हणून नावाखाली "अध्यक्ष" मोठ्या अक्षरांत टाकलं, १३५ वर. साहेब खूश आहेत.